पेटीचा विसावा

भिंगरीला गप्प बसवायचं असेल तर तिच्या हातात घड्याळ आणि कोरा कागद द्यावा, हा शोध तिच्या आत्याने लावला होता. घरात आणखी कुणाला तो लागला नव्हता, म्हणून आत्या सोडून सगळ्यांचे कान किटलेले असत.

आत्याचं काम वजनकाटे तपासण्याचं. भाजीवाल्याचे नव्हेत, नाजूक. दवाखान्यात औषधं मोजायला काचेच्या घरात बसवलेला काटा असतो, पापणीचा एक केस ठेवला तरी तो दखल घेतो. असे काटे वर्षभरात हळूहळू लबाडी करायला लागतात. आत्या गावोगाव जाऊन त्यांची उलटतपासणी घ्यायची, जुळवून सरळ करायची आणि खाली सही ठोकून दाखला द्यायची. त्यासाठी तिच्याजवळ एक लाकडी पेटी होती. आत मखमलीच्या खळग्यांत ओळीने वजनं बसलेली, सगळ्यात मोठं पेरूएवढं आणि सगळ्यात धाकटं माशाच्या खवल्याएवढं. त्यांना बोट लावायचं नाही. हातमोजे घालायचे आणि चिमट्याने उचलायचं. भिंगरी पाच वर्षांची असताना तिने त्यातलं एक चाटून बघितलं होतं आणि त्यावरून घरात जे रामायण झालं, ते ती सोळाव्या वर्षीही विसरली नव्हती.

पेटीइतकीच आत्याची दुसरी जिवाभावाची वस्तू म्हणजे ऑफिसची राखाडी गाडी. कागदोपत्री ऑफिसची, पण गेली अकरा वर्षं तिच्या स्टिअरिंगला आत्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. त्याआधी आत्या बसने हिंडायची. पेटी दोन पावलांच्या मध्ये धरून तासन्‌तास उभी. पस्तिसाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली तेव्हा भिंगरीचे बाबा म्हणाले होते, "ताई, रस्त्यावरच्या लोकांनी तुझं काय वाईट केलंय?" महिन्याभराने तीच बाबांना स्टेशनवर सोडायला गेली आणि बाबा वाटेत एकदाही बोलले नाहीत, इतके घट्ट धरून बसले होते.

"गाडीत मी कुणाच्या वेळेवर नसते गं," आत्या एकदा म्हणाली होती. "घरात भावाच्या वेळेवर, ऑफिसात साहेबांच्या वेळेवर. सकाळी सहाला गाडीचं दार लावलं की पुढचा रस्ता माझा."

आणि आता ही गाडीच जायची वेळ आली होती.

साहेबांनी फर्मान काढलं होतं. सहा तपासनीस, सगळे ट्रेनने आणि बसने फिरतात, एकट्या आत्याला गाडी कशाला? आत्याने हातापाया पडण्याऐवजी वाद घातला. गाडीने काम लवकर होतं, माणूस कमी थकतो, एका दिवसात दोन ठिकाणं उरकतात. साहेब म्हणाले, "बाई, मला भावना नकोत, आकडे द्या." मग ठरलं ते असं: तीच दोन ठिकाणं, तेच काटे. एक फेरी गाडीने, आठ दिवसांनी दुसरी फेरी ट्रेन-बसने. प्रत्येक फेरीचा तक्ता भरायचा. निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, काम सुरू, काम पूर्ण, दिवसात किती ठिकाणं झाली, थकवा कमी की मध्यम की फार. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून साहेब निकाल देणार.

गाडी चालवताना तक्ता कोण भरणार? शाळेला सुट्टी होती. भिंगरीने असा हट्ट धरला की तिच्या आईने शेवटी हात जोडले. "ने गं बाई हिला. दोन दिवस घराला तेवढीच शांतता."

भिंगरीचं मत आधीच ठरलेलं होतं. गाडी जिंकली पाहिजे. तिने तक्त्याच्या रेघा नव्या पेनने मारल्या, वर मोठ्या अक्षरात 'गाडी' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या, जणू निकालच लिहिला.

पहिल्या फेरीला ठीक सहाला निघाले. पेटी मागच्या डिकीत, तिच्यासाठी खास बनवलेल्या चौकटीत घट्ट बसवलेली. साडेआठला पोचायचं होतं. पण अर्ध्या वाटेत पुलाची डागडुजी निघाली आणि वाहनांची रांग अशी लागली की पुढच्या ट्रकवरचा नंबर भिंगरीला उलटाही पाठ झाला. ऊन वर आलं. आत्या स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली. भिंगरीने विनोद करून बघितले, आत्या हसली नाही, तेव्हा तिला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

दवाखान्यात पोचायला दहा पन्नास झाले. तक्त्यात तेवढेच लिहावे लागले.

औषधं तयार करायची खोली लांबट, पांढरी आणि गार होती. तिथल्या औषधवाल्या बाई लहान मुलांच्या मात्रा मोजून कागदाच्या पुड्या बांधत. काही बाळं इतकी लहान की मोठ्यांच्या गोळीचा शंभरावा भागसुद्धा त्यांना फार. दाराबाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. औषधवाल्या बाईंनी काट्यावर रुमाल टाकून ठेवला होता.

"तुमची वाट बघून काटा बंद ठेवलाय, ताई," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तीन जण बाहेर बसलेत."

"विसावा तर द्यावाच लागेल," आत्या म्हणाली. "पेटी तापलीय."

विसावा हा त्यांच्या धंद्यातला शब्द. वजनं गरम असली की त्यांच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि काट्याला ती आहेत त्याहून हलकी वाटतात. फरक अगदी सूक्ष्म, पण हे काटे सूक्ष्मासाठीच असतात. म्हणून पेटी खोलीत आणून उघडायची आणि वजनं खोलीइतकी गार होईपर्यंत थांबायचं. पेटीत एक छोटा तापमापक, टेबलावर दुसरा. दोन्ही आकडे एक झाले की विसावा झाला. डिकीतून उन्हात आलेल्या पेटीला अडीच तास लागत. एरवी आत्या साडेआठला पोचायची, पेटी उघडून ठेवायची, चहा प्यायची, काटा पुसायची, गप्पा मारायची, आणि अकराला कामाला लागायची. हे अडीच तास तिला कधी थांबल्यासारखे वाटलेच नव्हते.

आज मात्र हिशोब फसला होता. आता अडीच तास थांबलं तर काम सुरू व्हायला दीड, आणि दुसरं ठिकाण, तो रंगांचा कारखाना, चारला दार लावतो. तिथले काटे जाड, त्यांना विसाव्याची पर्वा नसते, पण दार तर उघडं सापडायला हवं. म्हणजे दिवसात एकच ठिकाण. गाडी हरली.

"वरच्या भांडारात एक काटा अडलाय, तेवढा बघता का?" औषधवाल्या बाईंनी विचारलं.

आत्याने पेटी उघडली. पेटीतला तापमापक एकतीस दाखवत होता, टेबलावरचा तेवीस. "भिंगरे, इथे बस," ती म्हणाली. "कशाला हात लावू नकोस. दोन्ही आकडे एक झाले की मला हाक मार."

दार लागलं. भिंगरी एकटी राहिली. एकतीस. तेवीस. ती बघत राहिली. दहा मिनिटं झाली तरी एकतीसचं तीसच झालं होतं. बाहेर बाळ किरकिर करत होतं. भिंगरीला डोळ्यांसमोर साहेबांचं टेबल दिसलं, त्यावर दोन तक्ते, आणि आत्याचा हात गाडीची किल्ली पुढे सरकवताना.

मग तिने पेटीतला तापमापक उचलला आणि टेबलावर ठेवला. दुसऱ्याच्या शेजारी, टेबलाला बसवलेल्या गार फरशीवर.

तिने स्वतःला सांगितलं ते असं: वजनं गार होतच आहेत, हा नुसता आकडा थोडा मागे राहिलाय, त्याला आपण पुढे ढकलतोय. बारा मिनिटांत तेवीस झाले. मग तिने तो अलगद परत पेटीत ठेवला आणि लगेच जिन्यात जाऊन हाक मारली. आत्या खाली आली, वाकून दोन्ही आकडे बघितले.

"एवढ्यात?"

"खोली गार आहे ना," भिंगरी म्हणाली.

आत्या क्षणभर तशीच वाकून राहिली. तिने घड्याळाकडे पाहिलं. मग हातमोजे चढवले.

काम अकरा चाळीसला सुरू झालं. एक वाजता दाखल्यावर सही झाली. कारखाना अडीचला गाठला. दिवसात ठिकाणं: दोन. थकवा: मध्यम. परतीच्या वाटेवर आत्याने गाणं लावलं आणि भिंगरी त्याच्यावर इतकी मोठ्याने ओरडली की बाजूचा स्कूटरवाला बघायला लागला. आपण आत्याची गाडी वाचवली, या एका गोष्टीने तिला त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटत होतं. ही गोष्ट कुणाला सांगता येणार नाही एवढाच काय तो सल.

दुसरी फेरी आठ दिवसांनी. ट्रेन सहा वीसची. या वेळी भिंगरीने तक्त्यावर 'ट्रेन-बस' असं बारीक अक्षरात लिहिलं आणि खाली एकही रेघ ओढली नाही. मनातून तिने सगळी तयारी केली होती. ट्रेन उशिरा येईल, जागा मिळणार नाही, बस चुकेल.

ट्रेन वेळेवर आली. जागा खिडकीजवळ मिळाली. पेटी आत्याच्या मांडीवर. समोर चष्मेवाले आजोबा बसले होते, ते बराच वेळ पेटीकडे बघत होते.

"दागिने का?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"वजनं," आत्या म्हणाली.

"वजनं? ती कशाला मांडीवर? ती काय रडतात का?"

"रडत नाहीत, तापतात."

आजोबांनी मान डोलावली आणि पुढे विचारलं नाही. अशी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली असावीत. थोड्या वेळाने आत्याने डोळे मिटले. भिंगरीने तिला झोपलेलं फारसं पाहिलंच नव्हतं. गाडीत तर शक्यच नव्हतं. डब्याच्या हलण्याबरोबर तिची मान हलत होती आणि हात मात्र पेटीवर पक्का होता. थकव्याचा रकाना भिंगरीच्या मनात आला आणि तिने तो कोराच सोडला.

पुढे बस. नऊ पंचावन्नला दवाखाना. पेटी उघडली तर आतला आकडा पंचवीस, टेबलावरचा तेवीस. भिंगरी बघतच राहिली. मांडीवर, सावलीत आलेली पेटी तापलेलीच नव्हती. पाऊण तासात दोन्ही आकडे एक झाले, आपापले, कुणी न ढकलता. काम सुरू दहा चाळीस.

म्हणजे गाडी नेहमीप्रमाणे साडेआठला पोचली असती, तरी काम अकरालाच सुरू झालं असतं. ट्रेन दीड तास उशिरा पोचून वीस मिनिटं आधी कामाला लागली होती. भिंगरीने दोन वेळा आकडेमोड केली. तीच उत्तरं आली.

ती अजून त्या धक्क्यात होती, तेवढ्यात आत्या "हं?" म्हणाली.

चिमट्याने वीस ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवलेलं. काचेची दारं बंद. काटा वीसच्या किंचित वर दाखवत होता. आत्याने वजन काढलं, शून्य बघितलं, परत ठेवलं. तेच. मोठं वजन ठेवलं. तेच, थोडं जास्त. खवल्याएवढी धाकटी वजनं ठेवली. मग ती उठली, काट्याची बैठक बघितली, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आहे का पाहिलं, खिडकी बंद आहे का पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा.

"हलवला होता का हा?" तिने विचारलं.

"कुणी बोटही लावलं नाही," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "का हो, ताई?"

"जरा दहा मिनिटं द्या मला."

आत्या बाहेर बाकावर येऊन बसली. हातमोजे काढायचे राहिले होते. भिंगरी तिच्या शेजारी बसली.

"आठ दिवसांत काटा असा सरकत नाही," आत्या हळू म्हणाली, स्वतःशीच बोलावं तशी. "मागच्या वेळी मीच चुकीचा जुळवला. जास्त दाखवतोय, म्हणजे आठ दिवस पुड्या कमी भरल्या गेल्या." तिने हात पुढे धरून बघितला. "हात तर हलत नाही. डोळे असतील. शेहेचाळीस म्हणजे काही तरुण नाही मी. साहेबांना कळवावं लागेल, बारीक काटे माझ्याकडे देऊ नका म्हणून."

"आत्या, हातही नाही, डोळेही नाहीत."

"मग काय? सव्वीस वर्षं करतेय हे. असं कधी झालं नाही."

"आत्या, अगं तुझं काही नाही गं." भिंगरी म्हणाली. आयुष्यात प्रथमच तिला शब्द शोधावे लागत होते. "मी तापमापक बाहेर काढला होता. टेबलावर ठेवला. तेवीस झाल्यावर परत आत ठेवला. मग तुला हाक मारली."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. भिंगरी तिच्या रागावण्याची वाट बघत होती. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

"काढलास तेव्हा पेटीचा आकडा किती होता?"

"तीस."

"नीट आठव."

"तीसच. मी बघतच होते."

"किती मिनिटं बाहेर होता?"

"बारा."

आत्याने खिशातून पेन काढलं आणि हातमोज्याच्या पाठीवरच लिहून घेतलं. तीस. बारा. मग पेन खिशात ठेवलं.

"कशासाठी?"

"गाडी जाऊ नये म्हणून."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बाळाला थोपटत होती. मागच्या वेळची नव्हे, दुसरीच, पण चिठ्ठी तशीच हातात. भिंगरीला तिच्याकडे बघवेना.

"मला तेव्हाच शंका आली होती," आत्या म्हणाली. "एवढ्यात, असं मी म्हटलं होतं, आठवतं? उन्हातली पेटी पाऊण तासात गार होत नाही, हे मला झोपेतही माहीत आहे. वजनावर नुसता तळहात धरला असता तरी कळलं असतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि हातमोजे घातले. मला ती शंका नको होती." ती उठली. "चल."

"मी सांगते त्यांना. माझी चूक आहे."

"तू बरोबर ये. बोलेन मी. दाखल्यावर सही कुणाची आहे?"

औषधवाल्या बाई पुड्यांचे कागद कापत होत्या. आत्या त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली. "बाई, मागच्या वेळचा माझा दाखला रद्द समजा. वजनं गरम असताना मी काटा जुळवला. विसाव्याची नोंद मी स्वतः घेतली नाही, दुसऱ्याच्या भरवशावर राहिले. आठ दिवसांत या काट्यावर जे जे मोजलं, ते किंचित कमी गेलं असणार. किती कमी, ते मी आत्ता काढून देते."

कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"दुसरी म्हणजे मी," भिंगरी मागून म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून आवाज लहान निघाला. "मी खोटा आकडा दाखवला."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा पुड्यांच्या कागदासारखा पांढरा पडला होता. "या खोलीतून त्या आठ दिवसांत पुड्यांचे एकसष्ट संच गेलेत," त्या म्हणाल्या. "त्यातला एक अडीच किलोच्या बाळासाठी होता. तुला अडीच किलो म्हणजे किती माहीत आहे, पोरी?"

भिंगरीने मान डोलावली. तिला माहीत होतं. तिच्या दप्तराचं वजन याच्या दुप्पट होतं.

पुढचे दोन तास कसे गेले ते भिंगरीला कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही, आणि सांगता न येण्यासारखं तिच्या बाबतीत काही नसायचं. आत्याने काटा न जुळवता आधी त्याची चूक प्रत्येक वजनाला मोजली आणि कागदावर मांडली. बाईंनी नोंदवही उघडली. एक एक संच, एक एक मात्रा. बाई वाचायच्या, आत्या आकडा काढायची, बाई शेजारी किती कमी-जास्त चालतं ते बघून खूण करायच्या. दोघीही एकमेकींशी एक शब्द जास्त बोलत नव्हत्या. भिंगरीला बाहेर जा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. बसायची तिची हिंमत झाली नाही. बाहेरचं बाळ मधेच रडलं, आणि खुणेचा हात थांबला की भिंगरी मान उंच करून वहीकडे बघायची.

अडीच किलोच्या बाळाची पाळी आली तेव्हा आत्याने हिशोब दोनदा केला. बाईंनीही स्वतः केला. मग पेन हळूच टेकवून खूण केली.

"चालतंय," त्या म्हणाल्या.

एकसष्टच्या एकसष्ट चाललं. फरक इतका बारीक निघाला की कुणाच्या मात्रेला त्याने धक्का लावला नव्हता. फडताळात राहिलेल्या दोन संचांच्या पुड्या बाईंनी तरीही टाकून दिल्या. आत्याने काटा नव्याने जुळवला, दाखला नव्याने लिहिला, आणि त्यात 'मागील दाखला रद्द' असं लिहून कारण लिहिलं. भिंगरीने वाचलं. कारणात तिचा उल्लेख नव्हता.

"ताई," निघताना बाई म्हणाल्या, "तुम्ही न सांगता नुसता काटा जुळवून गेला असतात तर मला कळलं नसतं."

"हो," आत्या म्हणाली. "पुढच्या वेळीही मीच यावं की नाही, ते तुम्ही साहेबांना कळवा. मी वाईट वाटून घेणार नाही."

कारखान्याचं दार त्या दिवशी गाठता आलं नाही. परतीच्या ट्रेनमध्ये आत्याने दोन्ही तक्ते मांडीवर घेतले आणि भिंगरीचं पेन मागितलं. गाडीच्या तक्त्यात तिने 'काम सुरू, अकरा चाळीस' हे खोडलं. वर लिहिलं: 'विसावा पुरा दिला असता तर दीड.' ठिकाणं दोनवर काट मारून एक केलं. खाली लिहिलं: 'पूल उघडा असता तरी अकरा. अकरा वर्षं विसाव्याचा वेळ मी प्रवासात धरला नाही. धरायला हवा होता.' ट्रेनच्या तक्त्याला तिने हात लावला नाही. फक्त थकव्याच्या रिकाम्या रकान्यात, बराच विचार करून, 'फार' लिहिलं.

"तो तर ट्रेनचा नाही," भिंगरी म्हणाली.

"आकडे हवेत म्हणालेत ना साहेब. आजचा आहे तो आकडा."

आत्या खिडकीबाहेर बघत होती. रुळांच्या बाजूने मोठा रस्ता धावत होता आणि त्यावरून गाड्या जात होत्या, कुणी पुढे, कुणी मागे.

साहेबांनी आत्याला बारीक काट्यांपासून दोन महिने दूर ठेवलं आणि मग स्वतःसमोर तिची परीक्षा घेतली. ती पास झाली. गाडी त्याआधीच गेली होती. किल्ली द्यायच्या दिवशी आत्याने गाडी धुतली, डिकीतली लाकडी चौकट सोडवून घरी आणली, आणि भिंगरीच्या बाबांनी विचारलं, "ही आता कशाला, ताई?" तर म्हणाली, "राहू दे." त्यात आता चपला असतात. त्या दोन महिन्यांत आत्या भिंगरीशी वाईट वागली नाही. फक्त कामाचं काही सांगायची नाही. भिंगरी घरात बोलायची, पण आधीपेक्षा कमी, आणि तिच्या आईला ती शांतता काही मानवली नाही. आई दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघून गेली.

मग एका शनिवारी सकाळी आत्या चप्पल घालताना म्हणाली, "सहा वीसची ट्रेन आहे. येणार असशील तर उठ."

भिंगरी उठली. केस विंचरायचेही राहिले. ट्रेनमध्ये जागा मिळाली तेव्हा आत्याने पेटी तिच्या मांडीवर ठेवली. पेटी दिसते त्याहून जड होती. पाय बधिर झाले तरी भिंगरीने ती हलू दिली नाही.

तोच दवाखाना, तीच लांबट पांढरी खोली. औषधवाल्या बाईंनी आत्याला "या" म्हटलं आणि भिंगरीकडे एकदा नीट बघून परत कागद कापायला घेतले. आत्याने पेटी उघडली. पंचवीस. तेवीस.

"मी वरचा काटा बघून येते," आत्या म्हणाली. दारात थांबली. "दोन्ही आकडे एक झाले की हाक मार."

भिंगरी स्टुलावर बसली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून ठेवले. बाई पाठीमागे कागद कापत होत्या, आणि मधूनमधून कात्री थांबली की तिला कळायचं, त्या बघतायत. पंचवीस. बाहेर बाकावर कुणीतरी बाळाशी बोलत होतं. चोवीस झाले आणि तिथेच अडून बसले. हात खाली झिणझिणायला लागले.

तेवीस.

तिने घड्याळ बघितलं. तिने हाक मारली नाही. आणखी दहा मिनिटं ती तशीच बसून राहिली, आकडा ढळत नाही ना ते बघत. मग हात सोडवले, जिन्याशी गेली आणि म्हणाली, "आत्या, ये."

आत्या खाली आली. तिने दोन्ही आकडे पाहिले. मग वजनांच्या अगदी जवळ, न लावता, तळहात धरून ठेवला, बराच वेळ. आणि हातमोजे चढवले.